बारा आठवड्यांनंतरचं रक्त

तिने नळी खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा बारीक केला आणि खांद्यात दाबलेल्या फोनमध्ये म्हणाली, "परत पाठवतेय."

पलीकडे वॉर्डातली नर्स भडकलीच. "अहो मॅडम, आजोबांची शीर सापडत नाहीये! दोनदा टोचून झालं. असं कितीसं कमी आहे?"

"नखभर."

"नखभर रक्तासाठी तिसऱ्यांदा टोचू त्यांना?"

"टोचा. नाहीतर माझा रिपोर्ट वाचून डॉक्टर भलतंच औषध देतील, मग बसा नखं चावत."

फोन ठेवला. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून चार थेंब औषध आधीच घातलेलं असतं. रक्त रेषेपर्यंत भरलं तरच दोघांचं प्रमाण जुळतं. कमी भरलं तर औषध वरचढ होतं, रक्त मशीनमध्ये गोठायला उशीर लावतं आणि धडधाकट माणूस कागदावर आजारी दिसायला लागतो. एवढी साधी गोष्ट ती अकरा वर्षं वॉर्डावॉर्डाला सांगत आली होती, आणि अकरा वर्षं अर्धवट नळ्या वर येतच होत्या. तिला सगळे 'परतबाई' म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं. तिला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आवडलंच होतं.

आज मात्र तिचं बूड स्टुलावर टेकत नव्हतं. ती उठली, फ्रिजपर्यंत गेली, दार न उघडताच परत आली. मशीनच्या काचेवर वाकून पाहिलं. पुन्हा बसली.

"अगं, टेक की जरा," मामा म्हणाले. "तू उभी राहिलीस म्हणून ते मशीन घाई करणार आहे का? ते माझ्यासारखं आहे. आपल्या वेळेनेच चहाला उठतं."

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. हात कुणाचाही असो, एक दिवसाच्या बाळाचा नाहीतर नव्वदीच्या म्हातारीचा, त्यांना शीर पहिल्या फटक्यात सापडायची. आज सकाळी त्यांनी तिचं रक्त काढलं होतं आणि तेच आता मशीनमध्ये फिरत होतं.

बारा आठवड्यांनंतरचं रक्त.

तिची तीन गर्भारपणं अर्ध्यात मोडली होती. पहिलं नवव्या आठवड्यात, दुसरं अकराव्या आणि तिसरं चौदाव्या, म्हणजे आता सुटलो असं म्हणून सगळ्यांना सांगून झाल्यावर. तिसऱ्यानंतर डॉक्टरीणबाईंनी तपासण्या लिहून दिल्या. रक्त गोठण्याचा एक दोष असतो. शरीर स्वतःच असं काहीतरी तयार करतं की रक्त नको तिथे गोठतं; वारेच्या बारीक शिरांमध्ये गुठळ्या अडकतात आणि आतलं मूल उपाशी मरतं. त्याच्या तीन चाचण्या असतात. तिच्या दोन साफ आल्या, तिसरी वाईट. पण एकदा वाईट आलेलं मोजत नाहीत. बारा आठवड्यांनी पुन्हा करायची आणि तेव्हाही वाईट आली तरच दोष पक्का धरायचा. पक्का झाला की इलाज आहे. एक बारीक गोळी आणि पोटावर रोज एक इंजेक्शन, दिवस राहिल्यापासून बाळंत होईपर्यंत.

"मग बहुतेक बायका बाळ घेऊन घरी जातात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते वाक्य ती बारा आठवडे पदरात निखारा धरावा तसं धरून होती.

आजार सापडला म्हणून एखाद्या घरात एवढा आनंद झालेला तिने पहिल्यांदाच पाहिला. त्याआधी सासूबाईंची यादी होती. स्कूटरवर बसलीस. फळीवरचा डबा हात वर करून काढलास. त्या मशीनींच्या खोलीत दिवसभर उभी राहतेस, त्यांचा वारा लागतो पोटाला. तिसऱ्या वेळेला तर ती जोरात शिंकली होती, तेही यादीत गेलं. नवरा यादी वाचायचा नाही, पण फाडायचाही नाही. महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपला. आणि मग तो रिपोर्ट आला. एका दिवसात यादी बंद. सासूबाई शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगू लागल्या, "रक्ताचं आहे हो तिचं. मोठं नाव आहे त्या आजाराचं, माझ्या तोंडात बसत नाही. पण इलाज आहे." नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. त्याने कपाटाच्या दारावर बारा चौकटी आखल्या आणि कामावरच्या जाड मार्करने दर आठवड्याला एकेक खोडू लागला. जिन्यात तिच्या हातातली पिशवी घ्यायला लागला. एकदा तर न सांगता चहा केला, तो प्यायच्या लायकीचा नव्हता, तरी ती प्यायली.

अकरा चौकटी खोडून झाल्या होत्या. बारावी आज.

आणि तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, कागदात गुंडाळलेली, आज सकाळचीच एक पट्टी होती. सहा दिवस वर गेले होते. पट्टीवर दोन रेघा. बारा आठवडे थांबा म्हणून सांगितलं होतं, पण शरीराने कपाटावरच्या चौकटी वाचल्या नव्हत्या. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. हिशेब मनात बसवला होता: दुपारी रिपोर्ट, उद्यापासून इंजेक्शन. या वेळी आपण वेळेवर आहोत.

मशीन वाजलं.

तिने आकडा पाहिला. मग नंबर पाहिला, आपलाच आहे ना म्हणून. मग पुन्हा आकडा.

तपासलेलं, आकडा माहीत असलेलं रक्त तिने आधी मशीनला घातलं. मशीन बरोबर होतं. तिने स्वतःचं पुन्हा लावलं. या वेळी बसली नाही, मशीनला पोट टेकून उभी राहिली. तोच आकडा. एका अंशाचाही फरक नाही.

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "साफ आहे की गं! अगदी माझ्या मनासारखं साफ. चल, चहा पाज." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून हातात धरला. "काय झालं? आनंदाची गोष्ट आहे ना ही?"

"मामा, तीन महिन्यांपूर्वीचं रक्त मी स्वतः काढलं होतं."

"स्वतःचं? का? मी काय मेलो होतो?"

"इथे कुणाला कळायला नको होतं. स्टोअरच्या खोलीत जाऊन काढलं. एका हाताने. अर्ध्यात शीर बसली."

मामांनी चष्मा टेबलावर ठेवला. "किती कमी होतं?"

तिने अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जागा सोडून दाखवली. ती नखभर नव्हती.

"आणि तू ते लावलंस?"

"लावलं."

"तू?"

तिने मान हलवली. त्या दिवशी नळी उजेडात धरायची गरजच नव्हती, कमी आहे हे अंधारातही कळलं असतं. तिसरं जाऊन सतरा दिवस झाले होते. अजून एकदा टोचून घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. चालेल, असं ती मनाशी म्हणाली होती. हा शब्द दुसऱ्या कुणी तिच्यापुढे उच्चारला असता तर तिने त्याची सालटी काढली असती. आणि आकडा वाईट आला तेव्हा ती स्टोअरच्या फरशीवर बसली होती आणि हसली होती.

"हे बघ," मामा हळू आवाजात म्हणाले, "माणूस आहेस तू." आणि कपबशी उचलून ते बाहेर गेले. मुद्दामच गेले असावेत.

रिपोर्ट अजून पाठवलेला नव्हता. पडद्यावर तिच्या नावासमोर रिकामी चौकट लुकलुकत होती.

तिने खण उघडला. निळ्या झाकणाच्या नळ्या ओळीने पडल्या होत्या. तिने एक उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. दाराकडे पाहिलं. मग रबरी पट्टा दंडावर घेतला आणि एक टोक दातांत धरून आवळला. किती कमी भरलं की आकडा किती वाढतो हे तिला पाठ होतं. तिच्याएवढ्या सफाईने हे काम अख्ख्या इमारतीत कुणाला जमलं नसतं. मोठे डॉक्टर तिचा रिपोर्ट न बघता सही करायचे. परतबाईचं काम कोण तपासणार?

सुई गेली. नळीत रक्त चढायला लागलं.

आता फक्त वेळेवर नळी ओढायची होती. अर्ध्याच्या थोडं वर आलं की ओढायची. उद्या इंजेक्शन सुरू. बारावी चौकट खोडली जाईल. सासूबाईंच्या तोंडात त्या आजाराचं नाव बसेना का, पण घरात त्याला जागा होती. आणि हे रक्त पातळ करायची गरज नसताना पातळ केलं तर काय, तेही तिला माहीत होतं. तसली रक्तं रोज तिच्या टेबलावर येत. काहींचं वाहणं थांबतच नसे. आणि खरं जे काय आहे, ज्याने तीन नेली, ते आत बसून राहणार होतं आरामात, कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही म्हणून.

रक्त अर्ध्याच्या वर आलं. तिची बोटं नळीवर होती. ती वाट बघत राहिली. नळीने हवं तेवढं रक्त स्वतःच ओढून घेतलं आणि रेषेपाशी ते आपोआप थांबलं.

तिने पट्टा सोडला, सुई काढली. भरलेली नळी थोडा वेळ तळहातावर धरली, कोमट होती, आणि कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली. मग रिकाम्या चौकटीत खरा आकडा भरला आणि बटण दाबलं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर रांग होती. ती रांगेत उभी राहिली नाही, बसलीही नाही. पाण्याच्या टाकीपासून दारापर्यंत आणि दारापासून टाकीपर्यंत फिरत राहिली, तेव्हा एका पोटुशा बाईने वैतागून तिलाच आत ढकललं. "जा बाई तू आधी. तुझ्याकडे बघून माझ्याच कळा सुरू होतील."

आत तिने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि पेन आपटलं.

"दुसऱ्या कुणाची नळी असती तर काय केलं असतंस?"

"परत पाठवली असती."

"मग? अगं, आजचाही तसाच आला असता तर मी तुला इंजेक्शनं चालू केली असती! नऊ महिने!"

"हो."

"हो काय म्हणतेस? आता नाही देणार मी. तुझ्या रक्तात दोष दिसत नाही, आणि नसलेल्या दोषाला मी औषध देत नाही."

"माहीत आहे, मॅडम." तिने पर्स उघडली आणि कागदाची गुंडाळी टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती उलगडली. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं.

"दर आठवड्याला येशील," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "काय होईल ते मला माहीत नाही. खोटा धीर देणार नाही तुला. पण बघत राहू." त्यांनी जुनी फाईल ओढली, दोन पानं मागे गेल्या आणि थांबल्या. "नवऱ्याचं रक्त कुठंय?"

"ते राहिलं."

"चिठ्ठी दोघांचीही दिली होती मी. कधी कधी आईच्या नाहीतर बापाच्या गुणसूत्रांत एखादा तुकडा इकडचा तिकडे झालेला असतो. माणूस ठणठणीत दिसतो, डोंगर उचलेल असा. पण गर्भ टिकत नाही. तुझं तपासलं, ते बरोबर आहे. त्याचं?"

"माझा रिपोर्ट वाईट आला ना," ती म्हणाली. "मग तो म्हणाला, आता कशाला? सापडलंय ना."

"आणि तू?"

तीही हो म्हणाली होती. सापडलंय ना.

घरी ती पोचली तेव्हा नवरा मार्करचं टोपण काढून तयारच बसला होता. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्रं हलत राहिली.

"आला?" तो म्हणाला. "काय आला?"

"साफ."

"साफ म्हणजे?"

"आजार नाही. पहिला रिपोर्ट चुकला होता. माझ्या हातून चुकला. नळी कमी भरली होती मी."

"अगं बाई!" सासूबाई पुढे सरकल्या. "मी सगळ्यांना सांगून बसले! बहिणीला सांगितलं, खालच्यांना सांगितलं. आता काय सांगू? बरी झाली म्हणू?"

"म्हणा."

नवऱ्याने मार्करचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मग आहे तरी काय तुझ्यात?"

"माझ्यात?" ती म्हणाली. "माझ्यात आत्ता पाच आठवड्यांचा जीव आहे."

तो उठून उभा राहिला. सासूबाईंचा हात तोंडावर गेला. एरवी अशा बातमीला माणसं काय करतात ते तिघांनाही माहीत होतं, पण कुणालाच ते करायला जमेना. तो तिच्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवला.

"मग इंजेक्शन?"

"नाही मिळणार."

"का नाही? जुना रिपोर्ट आहे ना आपल्याकडे? तोच दाखव. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. कुणाला कळतंय!"

"मी दुपारी त्याच्याही पुढे गेले होते," ती म्हणाली. "सुई दंडात होती माझ्या." त्याला कळलं नाही. तिने समजावलंही नाही. "तुझी चिठ्ठी राहिलीय. उद्या साडेनऊला ये. उपाशी यायची गरज नाही."

"माझी? माझ्यात काय असणार?"

"नसेलही."

"अगं, साधा ताप येऊन झोपलोय का मी कधी? दोनशे किलोची मोटर..."

"मीही नाही झोपले कधी तापाने."

तो आईकडे बघायला लागला. एवढा थोरला माणूस, अंधाऱ्या विहिरीसारख्या खड्ड्यात दोराला लटकून काम करणारा, आणि बघायला लागला आईकडे.

"आमच्याकडे असलं काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "माझी चारही धड झाली. त्याला कशाला टोचताय उगाच? जे आहे ते सांभाळ तू, पायऱ्या उतरू नकोस." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज परत सुरू केला.

सकाळी तो तिच्याआधीच घराबाहेर पडला. बारावी चौकट तशीच कोरी होती.

साडेनऊ वाजले. ती टेबलापासून उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. वॉर्डातून नळ्या आल्या. तिने दोन बाजूला काढल्या आणि फोन करायचाच विसरली. दहा वाजले. तिने पोटावर हात ठेवला, कुणी बघितलं का पाहिलं आणि काढला. सव्वादहाला मामांनी तिच्यापुढे चहा ठेवला. तो गार होऊन त्यावर साय धरली.

साडेदहाच्या पुढे मामांनी दारातून मान आत घातली. "आले गं तुझे लिफ्टवाले. जिन्याने आले. घामाघूम झालेत."

तो खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची करकरली. कामाचेच कपडे अंगावर होते, बोटांना ग्रीस. त्याने कुणाच्याच डोळ्याला डोळा दिला नाही. मामा हातमोजे घालायला लागले.

"राहू दे, मामा. मी घेते."

तिने त्याची बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला. शीर दोरीसारखी टरारून वर आली. अशी शीर बघून तिला एरवी बरं वाटतं.

"मूठ मीट."

"दुखतं का?"

"थोडंसं."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड केलं. सुई गेली तेव्हा त्याने दात आवळले. गालाचं हाड वर आलेलं तिला दिसलं. गुणसूत्रांच्या तपासणीची हिरव्या झाकणाची नळी भरत होती. मामा पलीकडे कपाटात काहीतरी शोधत होते, म्हणजे शोधत नव्हते.

"ऐक ना," तो इतक्या हळू बोलला की तिला वाकावं लागलं. "माझ्यात काही निघालं... तर आईला नको सांगायला. हं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा अजून घड्याळाकडेच होता. कानामागून घामाचा ओघळ खाली येत होता. तोंडाशी आलेलं बरंच काही होतं; तीन वर्षांचं होतं, यादीच होती. तिने सुई काढली, कापूस ठेवला आणि त्याची बोटं उचलून त्यावर टेकवली.

"दाबून धर."

तिने नळीवर त्याचं पूर्ण नाव लिहिलं. तारीख घातली. नळी स्टँडमध्ये ठेवली, सरळ आहे का पाहिलं. तो खुर्चीतच होता, एका हाताने दुसरा हात धरून, लहान पोराला बसवून ठेवावं तसा.

"आता सोडू?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. "अजून नाही."